गुरुवारी ३ ते ५

इतर घरांत रात्री अकराला फोन वाजला की काळजात धस्स होतं. कोण गेलं, कुणाला ॲडमिट केलं, असं मनात येतं. आमच्याकडे तसं काही होत नाही. बायको कूस बदलून म्हणते, “घ्या. चाकणहून असेल.” आणि तो चाकणहूनच असतो.

“शेठ, झोपला होतात का?”

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं नसतं, एवढं मी २५ हून अधिक वर्षांच्या धंद्यात शिकलोय. “छे छे, बोला ना साहेब,” मी पांघरुणातून, आवाजात जमेल तेवढी दुपार आणून म्हणतो.

“तुमचे बुश संपत आलेत. लाइन थांबेल.”

मी भोसरी एमआयडीसीत, जे ब्लॉकमध्ये, एका पत्र्याच्या शेडमध्ये बुश बनवतो. तीन सीएनसी, वडिलांच्या वेळचं एक लेथ आणि अकरा माणसं. बुश म्हणजे अंगठ्याएवढं पोलादी नळकांडं. मी ते ज्याला देतो तो ते एका ब्रॅकेटमध्ये ठोकतो. ते ब्रॅकेट ज्याला जातं तो त्याची असेंब्ली करतो, आणि ती असेंब्ली एका मोठ्या कारखान्यात जाऊन कुठल्याशा गाडीला लागते. कुठल्या, ते सांगत नाही. खरं तर मलाही नीट माहीत नाही. रस्त्यात नवी गाडी दिसली की मी तिच्याकडे दूरच्या नातवाकडे बघावं तसा बघतो. माझा बुश साडेसात रुपयांचा. पण तो नसला की १५ लाखांची गाडी पट्ट्यावर अडून बसते. त्यामुळे मला पैसे साडेसात रुपयांचे मिळतात आणि फोन १५ लाखांचे येतात.

फोन करणारा पर्चेसमधला मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. त्याचा काय हेतू आहे हे तो मला कुठल्या नावानं हाक मारतो त्यावरून कळतं. ‘शेठ’ म्हणाला तर माल हवाय. ‘सर’ म्हणाला तर आजच हवाय. ‘भाऊ’ म्हणाला तर तो कालच हवा होता. ‘काका’ म्हणाला की समजायचं, आपण पेमेंटचा विषय काढलाय आणि आता तो वयाचा मान राखून फोन ठेवणार आहे. आणि ईमेलमध्ये ‘डिअर सप्लायर’ आलं, की खाली डेबिट नोट जोडलेली असते.

तोंडी फोन हा झाला जुना प्रकार. मी सध्या नऊ व्हॉट्सॲप ग्रुपांत आहे. त्यातले तीन एकाच गिऱ्हाईकाचे: ‘डेली डिस्पॅच’, ‘क्रिटिकल पार्ट्स’ आणि ‘क्रिटिकल पार्ट्स अर्जंट’. पहिल्या दोन ग्रुपांवर कुणी लक्ष देईना म्हणून तिसरा काढला. पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी पर्चेसचे मोठे साहेब तिथे पांडुरंगाचा फोटो टाकतात, खाली ‘शुभ सकाळ’. ५ वाजून ४२ मिनिटांनी त्याच ग्रुपवर विचारणा येते, ‘मटेरिअल स्टेटस?’ मध्ये दोन मिनिटं सोडतात ती बहुधा आम्हाला नमस्कार करता यावा म्हणून. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपनं त्या निळ्या खुणा आणल्या आणि ‘मेसेज बघितलाच नाही’ हे आमचं सगळ्यात टिकाऊ उत्पादन बंद पडलं.

दुसरं टिकाऊ उत्पादन होतं, ‘गाडी निघाली.’

हे वाक्य आमच्या पट्ट्यात गेली कित्येक वर्षं चलनात आहे. ते खोटं नसतं. ते भविष्यकाळ वर्तमानात बोलणं असतं, जसं आपण लग्नघरी ‘पाचच मिनिटांत पोचतो’ म्हणतो तसं. गाडी निघाली म्हणजे गाडी निघावी अशी आमची तीव्र इच्छा आहे. माल अजून मशीनवर असतो, छोटा हत्ती शेडबाहेर उभा असतो, ड्रायव्हर चहाला गेलेला असतो, आणि आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो, “निघाली साहेब, मोशीला पोचली.” अर्ध्या तासानं पुन्हा फोन. “साहेब, तळेगाव चौकात अडकलीय.” चाकणचा तळेगाव चौक हा या पट्ट्यातल्या लघुउद्योजकांवर परमेश्वरानं केलेला मोठाच उपकार. तिथे गाडी अडकली नाही असं छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता तिथे एकमेकांना छेदतात असं नकाशात दिसतं. प्रत्यक्षात ते एकमेकांना धरून ठेवतात. साहेब स्वतः रोज तिथे तासभर बसलेले असतात, त्यामुळे मुकाट्यानं मान्य करतात.

मग लाइव्ह लोकेशन आलं. आता साहेब म्हणतात, “ड्रायव्हरचं लोकेशन पाठवा.” गेल्या श्रावणात मी घाईघाईत ड्रायव्हरच्याऐवजी माझंच लोकेशन पाठवलं. त्यांना गाडी सहा तास चिंचवडला आमच्या स्वयंपाकघरात उभी दिसली.

पूर्वी हे सगळं असं नव्हतं, असं म्हणायचं माझं वय झालंय, तेव्हा म्हणून घेतो. माझे वडील पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत फिटर होते. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की बंद. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढे कारखान्यांमागून कारखाने येत हे गाव भोंग्यावर चालू लागलं. आई भोंग्यावर कुकर लावायची. भोंग्यानंतर कंपनीला वडिलांशी बोलायचं झालं तर एक माणूस सायकलवरून घरी पाठवावा लागे, आणि त्या माणसाचाही भोंगा झालेला असे.

मी १९९८ मध्ये स्वतःची शेड घेतली आणि पुढे मोबाइलही घेतला. तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण समोरच्यानं आपल्याला झापलं तर त्या झापण्याचं बिल आपल्याला येत असे. साहजिकच मी फोन उचलत नसे, आणि गिऱ्हाईकालाही त्यात काही गैर वाटत नसे. “इनकमिंग आहे हो,” म्हटलं की संपलं. एक मिसकॉल म्हणजे माल निघाला, दोन म्हणजे पोचला. एवढ्यावर तीन-चार वर्षं उत्तम धंदा झाला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो.

उरला होता गुरुवार. बाहेरच्यांना आमचा रविवार गुरुवारी येतो हे पटकन कळत नाही. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून वीज मंडळानं औद्योगिक भागांना साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी वीजच नाही म्हटल्यावर वाद कशाला? मी निवांत दत्ताच्या देवळात जात असे. लोकांना वाटे भक्ती आहे. पण मोठ्या कारखान्याचा फीडर वेगळा आणि वारही वेगळा. आता त्यांच्या चालू दिवशी माझी सुट्टी, आणि त्यांच्या सुट्टीच्या रविवारी “आज जरा निवांत आहे म्हणून म्हटलं तुमच्याशी बोलावं” असा साहेबांचा फोन. थोडक्यात, माझ्या कुंपणाला भोंगा, मोबाइल कंपनी आणि वीज मंडळ असे तीन खांब होते. त्यातला एकही मी रोवला नव्हता. ते एकेक करून पडले तेव्हा मला कळलं की आपल्याला ‘नाही’ म्हणायची सवयच नाही. आपल्या वतीनं दुसरंच कुणीतरी म्हणत होतं.

मागच्या मार्चमध्ये एकदा मी फोन उचलला नाही. मुद्दाम नव्हे. झोप लागली होती. सकाळी उठून बघतो तर १४ मिसकॉल. मी सात वाजता माल पाठवला, लाइन काही थांबली नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. तरी क्वालिटीकडून ईमेल आलं: सदर घटनेचा ८डी रिपोर्ट ‘व्हाय-व्हाय’सकट सादर करावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माल खराब गेला की गिऱ्हाईक पुरवठादाराकडून आठ टप्प्यांचा कबुलीजबाब लिहून घेतं, त्याला ८डी म्हणतात. त्यात ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा असतो. ही टोयोटाची पद्धत. पाचव्या ‘का’ला मूळ कारण सापडतं असं म्हणतात. मी आणि माझा क्वालिटीचा पोरगा दोघं बसलो.

फोन का उचलला नाही? मालक झोपले होते. का झोपले होते? रात्र होती. रात्र का होती? सूर्य मावळला होता. सूर्य का मावळला? पृथ्वी फिरते. पृथ्वी का फिरते? इथे पोरगा म्हणाला, “सर, हे आपल्या स्कोपच्या बाहेर आहे. सप्लायर बदलावा लागेल.”

मग माशाच्या काट्याची आकृती काढली. माणूस, मशीन, मटेरिअल, मेथड. माणूस: झोपाळू. मशीन: फोन सायलेंटवर. मटेरिअल: रात्री वांग्याचं भरीत. मेथड: आडवं पडणे. तात्पुरता उपाय म्हणून ‘फोन उशाशी ठेवला’ असं लिहिलं. कायमस्वरूपी उपायाच्या रकान्यात पोरानं ‘रात्र बंद करणे’ लिहिलं होतं. ते मी खोडून ‘पर्यायी संपर्क’ असं लिहिलं आणि बायकोचा नंबर दिला. तिकडून उत्तर आलं: स्वीकारलं, तीन महिने देखरेखीखाली. बायकोनं मात्र अजून स्वीकारलेलं नाही.

त्या दिवसांत मी या विषयावर बरंच वाचलं. रात्री, फोनची वाट बघताना. जर्मनीत फोक्सवॅगननं २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार करून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर ईमेल पाठवणंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू. डाइम्लरनं, म्हणजे मर्सिडीजवाल्यांनी, २०१४ मध्ये याच्या पुढे मजल मारली. माणूस रजेवर असताना आलेलं ईमेल हवं तर आपोआप पुसून टाकायची सोय केली, आणि पाठवणाऱ्याला उत्तर, की ते रजेवर आहेत, अमक्याशी बोला. या दोन्ही कंपन्यांचे कारखाने २००९ पासून आमच्या चाकणात आहेत. माझा माल यांपैकी कुणाकडे जात नाही, पण तिकडून स्कूटरनं जाताना मी हल्ली गेटकडे जरा भाविकपणे बघतो.

फ्रान्सनं तर १ जानेवारी २०१७ पासून कायद्यातच घातलं, की पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीनं कामानंतर फोन-ईमेल बंद ठेवण्याबद्दल कामगारांशी बोलणी करावीत. आणि आपल्याकडेही बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात असंच एक खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. मी मोठ्या आशेनं बातमी वाचली. दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांसाठी ते होतं. माझ्याकडे अकरा! मी उठून बसलो. मग लक्षात आलं, त्या अकरांत मी नाही. मी त्यांना रात्री फोन करणारा. जगभरच्या या सगळ्या कायद्यांत नोकराला साहेबापासून संरक्षण आहे. माझ्यासारखा स्वतःचा मालक असलेला माणूस कुणाविरुद्ध दाद मागणार? बायको म्हणाली, “माझ्याविरुद्ध तर नाही ना?”

दरम्यान मुलानं माझ्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घातलं. त्यात आठनंतर आपोआप उत्तर जाण्याची सोय असते. पहिल्याच दिवशी बायकोनं ‘येताना दूध आणा’ असा मेसेज केला. तिला उत्तर गेलं: ‘आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आम्ही उद्या सकाळी ९ नंतर आपल्याशी संपर्क साधू.’ ती सोय नवाला बंद झाली.

शेवटी गुरू भेटला तो गिऱ्हाईकाच्याच दारात. माझं बिल अडकलं होतं. कायदा तसा माझ्या बाजूनं आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही पाचर मारलीय: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. पण ते व्याज मागितलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे मागितलेला, आणि त्यानंतर ऑर्डर मिळालेला. तेव्हा मी आपला जुन्या पद्धतीनं, मिठाईचा पुडा घेऊन, अकाउंट्स खात्यात गेलो.

काचेवर कागद चिकटवला होता. ‘पेमेंटच्या चौकशीसाठी पुरवठादारांनी फक्त गुरुवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फोन करावा. इतर वेळी फोन घेतले जाणार नाहीत. वैयक्तिक मोबाइलवर फोन करू नये. आदेशावरून.’

मी तो कागद तीनदा वाचला. केवढी ती स्वच्छ भाषा! क्षमस्व नाही, कृपया नाही, सहकार्याची अपेक्षा नाही. आतली बाई शांतपणे डबा खात होती आणि तिचा फोन वाजत नव्हता. आठवड्याचे १६८ तास, त्यातले तिनं जगाला दोन दिले होते, आणि तेही माझ्या सुट्टीच्या दिवशी. मी आजवर ज्याच्यासाठी फ्रान्सपर्यंत गेलो ते या काचेवर सेलोटेपनं लावलेलं होतं.

मी फोटो काढला. परत येऊन त्यात नुसते शब्द बदलले. ‘डिस्पॅचच्या चौकशीसाठी ग्राहकांनी सकाळी ९ ते रात्री ८ या वेळेत फोन करावा. इतर वेळी फोन घेतले जाणार नाहीत. वैयक्तिक मोबाइलवर फोन करू नये. आदेशावरून.’ माझा वैयक्तिक आणि कंपनीचा मोबाइल एकच आहे, पण वाक्याला वजन होतं म्हणून ठेवलं. ‘आदेशावरून’ कुणाच्या, असं मुलानं विचारलं. मी त्याच्या आईकडे बघितलं.

ते तिन्ही ग्रुपांवर टाकलं. उत्साहाच्या भरात ‘जे ब्लॉक मित्रमंडळ’वरही टाकलं. तिथे ४१ अंगठे आले, शिवाय टाळ्या, दोन नारळ आणि एकाचं ‘नाद खुळा शेठ’. गिऱ्हाईकांच्या ग्रुपांवर मात्र शांतता. निळ्या खुणा दिसत होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या बाजूनं त्या कशा दिसतात.

साडेदहाला फोन वाजला. पर्चेसचा मुलगा. घ्यावा की न घ्यावा यात सहा रिंगा गेल्या. घेतला.

“सर, तुमचा मेसेज वाचला. एकदम बेस्ट. असंच पाहिजे. आमच्याकडे पण आणलं पाहिजे, मी स्वतः अजून लाइनवरच उभा आहे.” मागे यंत्रांचा आवाज येत होता, तेव्हा ते खरं असावं. सकाळी साडेआठला आलेला पोरगा. त्याच्या डोक्यावर त्याचा साहेब, त्याच्या डोक्यावर कारखाना. घरचे मुलगी बघायला बोलावतायत आणि याला रविवार मिळत नाही, हेही त्यानंच मला एकदा पावणेबाराला सांगितलं होतं.

“फक्त एक विचारायचं होतं, भाऊ.” भाऊ! माझ्या पोटात खड्डा पडला. “तो मेसेज आमच्यासाठी नाहीये ना?”

“छे छे,” मी म्हणालो. “तो बाकीच्यांसाठी.”

“वाटलंच मला. मग ते ८०० बुश?”

आठशे बुश तयार होते. फक्त झिंक प्लेटिंगला गेले होते, मागच्या गल्लीत. प्लेटिंगवाला म्हणजे माझा सगळ्यात विश्वासू माणूस. मी त्याला केव्हाही फोन करतो. पहाटे, जेवताना, एकदा तर त्याच्या मेहुण्याच्या लग्नात अक्षता पडताना. तो कधी काही बोलला नाही, त्यामुळे त्यालाही असं काही वाटत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी लावला फोन. बऱ्याच रिंगांनंतर वहिनींनी उचलला.

“भाऊजी, ते झोपलेत. आणि तुमचाच बोर्ड आम्ही शॉपवर लावलाय की. ९ ते ८. चांगला छापून घेतला, दोनशे रुपये पडले.”

“अहो वहिनी, फारच छान केलंत,” मी म्हणालो. “फक्त तो आमच्यासाठी नसेल ना?”

वहिनी क्षणभर काही बोलल्या नाहीत. फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला, आणि त्या हाताच्या फटीतून प्लेटिंगवाल्याचा, पांघरुणातून येणारा, चांगला जागा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“सांग त्यांना, गाडी निघाली.”